ढोलांची खोली

साल दोन हजार चोवीस, जानेवारी महिना. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि न्यू जर्सीत आयसेलिनला एका मिठाईच्या दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात तव्यापाशी उभा राहत होतो. पोटासाठी नाही. मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याचं घर मोठं आहे, गरम आहे, आणि त्या घरात दिवसभर मी एकटा असायचो. सोफ्यावर बसून मरायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. कराडला मिठाईच्या दुकानात पोरवयापासून भट्टीवर होतो. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे इथल्या दुकानाचा मालक म्हणाला, "काका, या ना आमच्याकडे, आपलंच दुकान समजा," तेव्हा लगेच गेलो. आपलंच समजा म्हणणारा माणूस काय काय समजायला लावतो ते पुढे कळलं.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्या वर्षीच्या संक्रांतीच्या गुळपोळ्यांचा रंगीत फोटो आला. खाली छापलं होतं, 'आईच्या हातची चव'. कोणाच्या आईच्या? त्या पोळ्या लाटणाऱ्या आया होत्याच, पण त्यांची पोरं कुठे ग्वाटेमालाच्या डोंगरात, कुठे इक्वेडोरमध्ये आजीपाशी ठेवलेली. फोटोत फक्त पोळी होती. लाटणारा एकही हात नव्हता. अंक मी कचऱ्यात टाकला, सुनेने तो परत काढून टेबलावर ठेवला, मी परत टाकला.

तर त्या स्वयंपाकघरात आठ बाया होत्या आणि मी. चौघी स्पॅनिश बोलणाऱ्या. त्यांची पुढारी इक्वेडोरची, पन्नाशीची, धिप्पाड, लाल ओठ रंगवून यायची. आमच्या लोकांच्या दुकानांत वर्षानुवर्षं काम करून तिला हिंदी यायला लागलं होतं. हिंदीत शिव्या तर माझ्यापेक्षा चांगल्या द्यायची. या बाया मिश्र रक्ताच्या. थोडं स्पेनचं, थोडं तिथल्या मूळ लोकांचं. पण सांगताना स्पेनचंच सांगायच्या.

बाकीच्या चौघी ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या. त्या मूळच्याच. त्यांची बोली वेगळी, माम म्हणतात तिला. स्पॅनिश त्यांनाही परकीच. त्यांच्यात सगळ्यांत मोठी एक म्हातारी होती. म्हातारी म्हणजे साठीची असेल, पण तिच्या चेहऱ्यावर वय बसलं होतं. तिला माम सोडून काही येत नव्हतं. तिची भाची स्पॅनिश शिकली होती, म्हणून म्हातारीचं बोलणं आधी भाचीकडे जायचं, भाचीकडून इक्वेडोरवालीकडे, आणि तिथून हिंदीत माझ्याकडे. एवढा प्रवास करून आलेलं पहिलं वाक्य मला आठवतं. माझ्या माकडटोपीकडे बघून म्हातारी काहीतरी पुटपुटली, तिघी हसल्या, आणि इक्वेडोरवाली म्हणाली, "काका, वो बोलती है, तुम्हारे सिर पे मधुमक्खी का घर है."

"तिला सांग," मी म्हटलं, "जवळ आली तर चावेन."

ते उलट प्रवास करून पोचलं, तेव्हा म्हातारी इतकी हसली की लाटणं खाली ठेवावं लागलं.

पण दोन गटांत आपसात हसणं नव्हतं. स्पॅनिशवाल्या डोंगरातल्यांना जवळ उभ्या राहू द्यायच्या नाहीत. त्यांच्या अंगाला धुराचा वास येतो म्हणायच्या, त्यांना अडाणी म्हणायच्या, त्यांच्या बोलीची नक्कल करून दाखवायच्या. हे मला भाषांतर करून कोणी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. आपल्या गावांत मी हेच बघत मोठा झालो. पाणी वरून ओतणारा हात कसा असतो, ते कुठल्याही देशात ओळखू येतं.

आता जेवणाचं सांगतो, कारण सगळं तिथे अडलं.

दुकान शुद्ध शाकाहारी. पाटी बाहेर मोठी. ते मला मान्य होतं, आजही आहे. गिऱ्हाईक विश्वासाने घेतं, तर स्वयंपाकघरात मांसमच्छी येता कामा नये. मी स्वतः मटण खाणारा माणूस, पण तिथे माझ्या डब्यात कधी अंडंसुद्धा नेलं नाही. पण मालकाने त्या नियमाचा दुसराच नियम केला. बायांनी स्वतःचा डबा आतच आणायचा नाही. डब्यात काय आहे ते कोण बघत बसणार, म्हणाला. दुकानातला डाळभात खायचा असेल तर आतल्या टेबलाच्या टोकाला बसा, नाहीतर बाहेर. स्पॅनिशवाल्या डाळभात खायला लागल्या. मला तर मालकाच्या शेजारची खुर्ची होती. डोंगरातल्या चौघींना मक्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नव्हतं, त्या बाहेर बसायच्या.

बाहेर म्हणजे मागच्या दाराबाहेर. कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी डब्याशेजारी एक पत्र्याची पडवी होती, तिथे दुधाचे प्लास्टिकचे क्रेट पालथे घालून. जानेवारीत. न्यू जर्सीतला जानेवारी ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगू. नाकातलं पाणी नाकातच गोठतं. तिथे बसून त्या चौघी जेवायच्या, आणि म्हातारीला खोकला लागला होता.

आणि स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. चांगली ऐसपैस, खिडकी असलेली, बाहेरून वेगळं दार असलेली. त्या खोलीत हीटर दिवसरात्र चालू असायचा. आत काय होतं? मंडळाचं गणपतीचं थर्माकोलचं मखर, झेंडे, लेझीम, आणि पथकाचे ढोल. मालक मंडळाच्या कमिटीवर. खोलीची एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे, कारण मी विश्वासातला. मी एकदा विचारलं, "मालक, इथे हीटर कशाला?"

"अहो काका, ढोलांची पानं. थंडीत तडकतात. पुण्याहून मागवलीत. फायबरला तो आवाज नाही येत."

"चामड्याची आहेत?"

"ओरिजिनल," तो अभिमानाने म्हणाला.

ते डोक्यातून गेलं नाही. मेलेल्या जनावराचं कातडं शुद्ध शाकाहारी दुकानात उबेला बसलेलं, आणि जिवंत बाईचा डबा बर्फात. हे त्याला दिसत नव्हतं. गोड बोलणारा माणूस होता, कोणाला अरे म्हणायचा नाही. अशा माणसांचा मला जास्त राग येतो. शिवी देणाऱ्याला निदान शिवी देता येते.

संक्रांत जवळ आली. मंडळाचं हळदीकुंकू, दोन देवळं, शिवाय दुकानात येणारे. गुळपोळीचं काम मशीनवर होत नाही. गूळ किसून, तीळ-बेसन भाजून सारण मी करायचो, भाजायचोही मीच. पण लाटणं त्या बायांचं. कडेपर्यंत गूळ पोचला पाहिजे आणि फुटता कामा नये. म्हातारीच्या हाताखालून पोळी निघायची तशी बाकी कोणाच्या नाही. मक्याची भाकरी थापत जन्म गेला होता तिचा.

त्या दिवशी बर्फ पडत होता. डाळभाताची वेळ झाली. मालक आत बसला होता, मी तव्यावरचा शेवटचा घाणा उतरवत होतो. म्हातारी आपल्या तिघींबरोबर बाहेर गेली, आणि थोड्या वेळाने भाचीला घेऊन परत आत आली. हातात मक्याच्या पानात बांधलेला गोळा होता. हळदीच्या पानात आपण वाफवतो, तशातलंच. तो गोठून दगड झाला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिने तो तव्याच्या कडेला, पोळ्यांपासून लांब, गरम व्हायला ठेवला. खोकत उभी राहिली.

मालक उठून आला. नाक वर केलं.

"हे काय आहे? काका, हे काय आहे?"

"मका आहे," मी म्हटलं. "आत काळा राजमा. मला तिने दिलंय एकदा. मीठ आणि राजमा, बाकी काही नाही."

"वास येतोय."

"पानाचा आहे वास."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका प्लीज." आणि त्याने कागदी रुमालाने तो गोळा उचलला, दोन बोटांत, जसा मेलेला उंदीर उचलतात तसा, आणि कचऱ्यात टाकला. मग थोडं इंग्रजी कळणाऱ्या भाचीला इंग्रजीत सांगितलं, हिला उद्यापासून यायला नको म्हणून सांग. आवाज चढवला नाही. वर 'सॉरी' म्हणाला.

भाचीने ते म्हातारीला सांगितलं. नोकरी गेली हे ऐकून म्हातारीचा चेहरा हलला नाही. ती कचऱ्याच्या डब्यापाशी गेली, हात घालून तो गोळा काढला, पानावरचं काहीबाही पुसलं आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला. त्यांच्याकडे मका टाकत नाहीत. दाणा सांडला तर उचलून त्याला दोन शब्द बोलतात, हे मला भाचीने नंतर इक्वेडोरवालीकरवी सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की साठीची बाई कचऱ्यातून जेवण काढतेय आणि मालक फोन बघतोय.

आणि मग जे झालं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. टेबलाच्या टोकाला डाळभात खात बसलेली इक्वेडोरवाली उठली. ताट ढकललं. ॲप्रन काढून टेबलावर टाकला, मालकाच्या ताटाशेजारी, आणि स्पॅनिशमध्ये एकच शब्द बोलली. बाकीच्या तिघीही उठल्या. म्हातारी, भाची, सगळ्याच मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि दार लागलं.

तव्यावर एक पोळी करपली. मी ती काढली नाही.

मालक मला म्हणाला, "ड्रामा आहे हो काका. पाच मिनिटांत येतील. थंडी आहे बाहेर."

"हो," मी म्हटलं. "थंडी आहे हे तुम्हाला आज कळलं."

पाच मिनिटांत आल्या नाहीत. तो बाहेर गेला, मीही मागोमाग गेलो. पडवीत क्रेट गोल मांडले होते आणि आठही जणी बसल्या होत्या. मालकाने इक्वेडोरवालीला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. ती उठली नाही, म्हणून तिथेच बोलला. तुम्ही चौघी आत या, तुमचं काही नाही, तुम्ही तर आमच्या जुन्या. तुमचे डबेही चालतील आतमध्ये, व्हेज असतील तर. यांच्याकडे मी नंतर बघतो.

म्हणजे चौघींना आत आणि चौघींना बाहेर. आपल्याकडच्या कोणाही पाटलाला शिकवावं लागलं नसतं इतकं जुनं हत्यार.

इक्वेडोरवाली म्हणाली, "सेठ, अंदर जाओ. हम लोग बात कर रहा है."

तो गेला. मी उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम भी जाओ नहीं तो बैठो. खड़ा मत रहो पुलिस के माफिक."

मला राग आला. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाशी बोलायची ही रीत नाही. मी बसलोही नाही आणि गेलोही नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल, इक्वेडोरवाली भाषण करेल, आत जाऊन मालकाशी भांडेल. तिलाही तेच करायचं होतं. "मैं बात करती हूँ, मेरे को आता है," ती उठायला लागली. म्हातारीने तिच्या मांडीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. भाचीने स्पॅनिशमध्ये केलं. त्यांच्या गावी आधी सगळे बोलतात. लहानमोठा कोणी सुटत नाही. सगळे बोलल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि एकजण बोलला की ते सगळ्यांच्या भाषेत गेल्याशिवाय दुसरा बोलत नाही.

"टाइम नहीं है इतना," इक्वेडोरवाली वैतागली. माझ्याकडे बघून आधी हिंदीत म्हणाली, मग तेच भाचीला स्पॅनिशमध्ये.

म्हातारीचं उत्तर फिरून आलं. वेळ आहे. पोळ्या त्याच्या अडल्यात.

मग त्या बोलल्या. बर्फ पडतोय, नाकं लाल झालीत, आणि एकेक जण बोलतेय. डोंगरातली पोर बोलली की भाची स्पॅनिश करायची. स्पॅनिशवाली बोलली की भाची माम करायची. मध्ये इक्वेडोरवाली मला दोन शब्द टाकायची, बहुतेक स्वतःच्या रागातून. काही बोलणं वाईट होतं. डोंगरातली एक पोर म्हणाली, तुम्ही आमच्या बोलीची नक्कल करता. आज आमच्याशेजारी बसलात, उद्या परत कराल. हे भाचीने स्पॅनिशमध्ये केलं. स्पॅनिशवाल्या खाली बघत होत्या.

इक्वेडोरवालीची पाळी आली तेव्हा तिने आधी बाहीने ओठांचा रंग पुसला. मग बोलली, आणि मला तिने सांगितलं ते सगळ्यांत शेवटी, पुसलेल्या ओठांनी. तिची आजी असंच बोलायची. अशीच डोंगरातली बोली. घरी पाहुणे आले की आजीला मागच्या खोलीत बसवायचे, तोंड उघडू नको म्हणून. "मैं दरवाज़ा बंद करती थी काका. मेरा काम था वो. आज वो सेठ ने मका फेंका, मेरे को वो दरवाज़ा दिखा."

डोंगरातली ती पोर म्हातारीला काहीतरी म्हणाली. म्हातारी मान हलवत राहिली. कोणी कोणाला मिठी मारली नाही. त्या पोरीने एवढंच केलं की आपला क्रेट इक्वेडोरवालीच्या क्रेटला भिडवला, कारण वारा तिकडून येत होता.

शेवटी ठरलं ते साधं होतं. म्हातारी कामावर परत. आणि जेवायला ती खोली, ढोलांची. सगळ्यांना. यातलं एक दिलं आणि एक नाही तरी कोणी आत जायचं नाही. मालकाला हे इक्वेडोरवालीने सांगायचं.

मला वाटलं आता माझं काम आहे. मी खिशातून किल्ली काढली, पुढे झालो आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवली. "ही घ्या खोली," मी म्हटलं. "उघडा आणि बसा. बघू कोण उठवतो."

मोठा वाटत होतो मी मला त्या क्षणी. म्हातारीने किल्ली बघितली, माझा हात धरला, किल्ली त्यात ठेवून माझी बोटं मिटली. जशी पोराच्या हातात गोळी ठेवून मिटतात तशी.

"तुम खोलेगा तो हम चोर," इक्वेडोरवालीने समजावलं. "सेठ पुलिस बुलाएगा. दो के पास काग़ज़ नहीं है. वो खुद खोलेगा. अपने हाथ से." आणि पुढे म्हणाली, "अब तुम बोलो. तुम्हारा नंबर है. बैठो और बोलो. तुम क्या करेगा कल?"

"मी तुमचा नोकर नाही," मी म्हटलं. "मालकाचाही नाही. मला कोणी विचारायचं नाही मी काय करेन ते." आणि किल्ली खिशात घालून चालू लागलो. बस स्टॉपपर्यंत मी त्या बायांना शिव्या देत गेलो. दिलेली वस्तू परत करतात. माझ्या हातून खोली नको, त्या गोड बोलणाऱ्याच्या हातून पाहिजे. एवढा अपमान माझा कराडच्या शेठनेही केला नव्हता.

घरी आलो तर मालकाचा फोन माझ्याआधी पोचला होता. मुलगा ऑफिसमधून लवकर आला होता.

"बाबा, तुम्ही यात पडू नका हं. कम्युनिटी छोटी आहे. उद्या मंडळात तोंड दाखवायचंय मला."

"तोंड कशाने काळं होतंय तुझं?"

"तसं नाही बाबा. तो म्हणाला लास्ट मिनिटला ऑर्डर कॅन्सल केली तर त्याचं नाव खराब होईल. म्हणून मी काकूंच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय. उद्या सकाळी सातला या, गुळपोळ्या लाटायला. सेवा म्हणून."

काकूंचा ग्रुप म्हणजे पुण्यामुंबईहून, नागपूरहून पोरांकडे आलेल्या आया. सहा महिने येतात, नातवंडं सांभाळतात आणि खिडकीतून रस्ता बघतात. पोळ्या लाटायला बोलावलं तर धावत येतात. माणसं भेटतात म्हणून.

"कोणाच्या नावाने टाकलास?"

त्याने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "बाबा, तुमचंच नाव घातलं. तुम्ही बोलावलं म्हटलं की सगळ्या येतात."

मी ताटावरून उठलो. ओरडलो नाही, पण पाण्याचा ग्लास मी ठेवला तो आपटलाच. माझ्या नावाने, मला न विचारता, त्या आठ जणींच्या जागेवर आठ दुसऱ्या बाया उभ्या करायच्या. आणि त्या दुसऱ्याही आयाच. मुलगा म्हणाला, "पोळ्याच तर आहेत बाबा." मी म्हटलं, "हो. पोळ्याच आहेत. मग तू लाट." जेवलो नाही. नात तिच्या खोलीतून म्हणाली, "आजोबा, आर यू ओके?" तिला म्हटलं, नो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःचा डबा स्वतः भरला. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा, रात्रीची मेथी. टोपी घातली आणि सात वाजायच्या आत दुकानाच्या पुढच्या दाराशी उभा राहिलो.

काकू आल्या. एका मोठ्या गाडीतून पाच जणी, स्वेटरवर शाली, शालींवर जॅकेटं, हातात आपापली लाटणी. त्यांच्यातली नागपूरची काकू सगळ्यांत आधी उतरली. "भाऊ, कुठाय पीठ? माझा हात शिवशिवतोय."

"पीठ आहे," मी म्हटलं. "आधी माझ्याबरोबर मागे या."

त्यांना मी मागच्या बोळातून नेलं. पडवीत आठही बाया बसल्या होत्या, क्रेट तसेच गोल. रात्रभराचा बर्फ बाजूला सारला होता. म्हातारी खोकत होती. माझ्या पाचही काकू उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

"या कोण?" पुण्याची एक.

"या पोळ्या लाटतात. काल यांच्यातल्या हिला काढलं, आत डबा गरम केला म्हणून. राजमा होता डब्यात. आज तुम्हाला यांच्या जागेवर बोलावलंय."

"तुम्हीच तर बोलावलंत," ती म्हणाली.

"मी नाही. माझं नाव वापरलंय."

"अगं बाई, म्हणजे संप आहे का हा?" दुसरी. "सूनबाई काय म्हणेल मला, संपावरून आलात म्हणून?"

नागपूरची काकू म्हातारीकडे बघत होती. "हिच्या वयाची आहे मी," ती म्हणाली. मग लाटणं पिशवीत घातलं. "चला. मी काही कोणाच्या पोटावर लाटणं फिरवणार नाही. सकाळी सकाळी उठवलं मात्र भाऊ तुम्ही." एकदोघी कुरकुरल्या, पण गाडीत बसल्या. मी त्यांचे आभार मानले नाहीत. त्या वेळी माझ्यात आभार नव्हते.

तेवढ्यात मालक आला. गाडी जाताना त्याने पाहिली. मागच्या दारात येऊन म्हणाला, "काका, काकू कुठे चालल्या?"

मी खिशातून ढोलांच्या खोलीची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही काय?"

"तुझी किल्ली. तूच उघड. मी उघडली तर त्या बसणार नाहीत."

"काका, तुम्ही तरी समजून घ्या ना. संध्याकाळी हळदीकुंकवाला हॉलमध्ये दीडशे बायका—"

"इथे आठ आहेत," मी म्हटलं आणि पडवीकडे गेलो. एक क्रेट रिकामा ठेवलेला होता. कालपासून तसाच होता की आज मांडला होता, मी विचारलं नाही. बसलो. थंडी बुडातून वर आली.

इक्वेडोरवाली म्हणाली, "नंबर बाक़ी है तुम्हारा."

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. "ढोल बाहेर," मी म्हटलं. "बाया आत. तोपर्यंत मी पोळी भाजणार नाही." तिने ते स्पॅनिश केलं, भाचीने माम केलं. म्हातारीने ऐकलं आणि एकदा मान खाली घेऊन वर केली. तिने खिशातून पान काढलं, कालचा तोच मक्याचा गोळा, आणि अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला. दातांना लागेल इतका गार होता.

मालक आत-बाहेर करत राहिला. फोन वाजायचा, तो काचेपलीकडे 'हो ताई, हो ताई' करायचा. एकदा बाहेर येऊन म्हणाला, आठवडाभर वापरा खोली, मग बघू. इक्वेडोरवालीने ते सगळीकडे फिरवलं. सगळ्या बोलल्या. एकेक करून, तो दारात थंडीने कुडकुडत उभा असताना. नको, असं ठरलं. तो म्हणाला, बरं, कायम. म्हातारीने भाचीकरवी विचारलं, आणि मी? तो म्हणाला, हो, ती पण. सॉरी, म्हणाला. सॉरीचं कोणी भाषांतर केलं नाही.

मग त्याने किल्ली लावली. दार उघडलं तशी आतली ऊब बोळात आली, ती आमच्या पायापर्यंत जाणवली. तो आत गेला आणि पहिला ढोल ओढत दारापर्यंत आणला. मखराचा एक खांब त्याच्या कोपराला लागून पडला. पथकाचा ढोल मोठा, एकट्याच्याने उचलत नाही. उंबऱ्याशी अडला. तो घामाघूम, बर्फात वाकून उभा, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

"काका, जरा हात लावता का?"

मी मांडीवर डबा घेतला, झाकण काढलं आणि भाकरी मोडली.